गावातली भट्टी कुठं गेली?

मागच्या हिवाळ्यात हायवेला लागून असलेल्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे जिथं बीअर बनते तिथंच विकली जाते अशा जागी, बसलो होतो. नागपूर तासाभरावर, मागच्या बाजूला तुरीची वावरं, अन काचेपलीकडं स्टीलच्या चार उंच टाक्या. सोबतचा मित्र मूळचा गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडचा. गव्हाची बीअर आली. गढूळ, पिवळसर, वर दोन बोटं फेस. त्यानं ग्लास उजेडाला धरला, वास घेतला अन म्हणाला, "अबे, हा तं सडवा आहे!"

वेटर ओशाळला. त्याला वाटलं माल खराब निघाल्याची तक्रार आहे. तक्रार नव्हती, ओळख होती. अन ओळख अगदी बरोबर होती.

सडवा हा शब्द विदर्भात पेपर वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक असतो, कारण पोलिसांच्या कारवाईची बातमी त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही. जंगलात धाड, इतके ड्रम मोहफुलाचा सडवा जागीच नष्ट. पाण्यात भिजवून आंबत ठेवलेली मोहफुलं म्हणजे सडवा. तो चुलीवर चढवून त्याची वाफ थंड केली की दारू. चढवायच्या आधी थांबलात, तर हातात उरतं ते बीअरचंच लांबचं भावंड: आंबलेलं, गढूळ, फसफसणारं.

फरक कच्च्या मालात आहे. बार्लीत साखर तयार नसते, पिष्ट असतं. म्हणून दाणे भिजवून मोड आणायचे, ते सुकवून माल्ट करायचं, भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, मग पिष्टाची साखर होते. ते पाणी गाळून हॉप्सबरोबर (कडवटपणा देणारी वेलीची फुलं) उकळायचं, थंड करायचं, तेव्हा कुठं यीस्ट टाकता येतं. गव्हाच्या बीअरला केळ्यासारखा नि लवंगेसारखा वास येतो, तोही यीस्टचाच. त्यात ना केळं असतं ना लवंग. मोहफुलाला यातलं काही लागत नाही. साखर झाडानंच भरून ठेवलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटप पडणारी फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, मनुक्यासारखी झाली की पोत्यात भरायची. लागतील तेव्हा भिजवली की झालं.

दुसरा फरक हवेचा. बार्ली-हॉप्सची बीअर ही थंड मुलखाची वस्तू. तिकडंही उन्हाळ्यात ती बिघडायची. म्हणून जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बीअर बनवायलाच बंदी घातली गेली. (बीअरमध्ये बार्ली, हॉप्स अन पाणी एवढंच घालायचं, हा त्यांचा प्रसिद्ध नियम त्याआधीचा, १५१६ चा.) विदर्भात २३ एप्रिलला पारा ४३ वर असतो. बर्फाचं यंत्र येण्याआधी इथं बीअर मुरवणं कुणाला जमलं नसतं. आंबलेलं पेय लगेच प्या नाही तर त्याची दारू काढून ठेवा, हे दोनच मार्ग होते. शिंदीचा रस पहिल्या मार्गानं जातो. भामरागडकडं माडिया लोक काढतात तो गोरग्याचा (माडाच्या जातीचं एक झाड) रसही तसाच, सकाळी गोड नि दुपारी चढणारा. मोह दुसऱ्या मार्गानं गेला.

गावातली मोहाची भट्टी म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. खालच्यात सडवा, वर थंड पाण्याचं भांडं, मधल्या भांड्यात वाफेचे थेंब जमतात. वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं, आणि किती वेळा बदललं यावरून बाई सांगायची आता धार फिकी झाली. हो, बाई. बहुतेक घरांत हे काम तिचंच. गोंडांकडं जन्म, लग्न, मरण, पेरणी, कशालाही पहिले थेंब जमिनीवर, पितरांच्या नावानं. मग पानाच्या द्रोणात बाकीच्यांना. जिथं बनायची तिथंच प्यायची, अन प्यायला कोण बसलंय हे बनवणारीला माहीत असायचं.

हे तोडलं महसुलानं. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं, पुढच्याच वर्षी नागपूरच्या भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. नव्या सरकारला दारूत पाप दिसलं नाही, उत्पन्न दिसलं. आधी भट्ट्यांचे लिलाव झाले, ठेकेदार आले. मग गावोगावच्या भट्ट्यांवर नजर ठेवणं अवघड म्हणून दारू एका ठिकाणी, सरकारी देखरेखीखाली गाळायची नि दुकानांना पुरवायची, अशी पद्धत बसवली गेली. मध्य प्रांताच्या १९१५ च्या अबकारी कायद्यानं हे सगळं एका चौकटीत आणलं. घरातली मडकी एका फटक्यात गुन्ह्याची साधनं झाली आणि मोहाची दारू 'हातभट्टीची' झाली.

शब्द मात्र चिवट असतात. आमच्याकडं आजही देशी दारूच्या सरकारमान्य दुकानाला लोक भट्टीच म्हणतात. तिथं ना चूल, ना मडकं. कारखान्यात भरलेल्या बाटल्यांचे खोके आणि लोखंडी जाळीतून पुढं येणारा हात. भट्टी गेली, नाव राहिलं.

बीअर या भागात आली ती फौजेबरोबर. कामठीची छावणी १८२१ ची. नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये. तोवर जे काही यायचं ते बैलगाडीनं. बीअर म्हणजे मुख्यतः पाणीच, ते गाडीत लादून शेकडो मैल आणणं काही स्वस्त नव्हतं. त्यामुळं ती बराच काळ गोऱ्यांची आणि साहेबांची राहिली. गावाच्या तोंडी लागली ती फार नंतर, ६५० मिलिच्या बाटलीतून, तीही 'स्ट्राँग'. आठ टक्क्यांपर्यंत जाणारी. चव कुणी विचारत नव्हतं. पैसे वसूल झाले की नाही, एवढाच हिशोब.

विदर्भाचा दुसरा वारसाही तेवढाच जुना अन मला वाटतं जास्त खोल आहे: दारूच्या विरोधाचा. गाडगेबाबा नि तुकडोजी महाराज, दोघंही अमरावती जिल्ह्यातले. बाबांचं कीर्तन आणि महाराजांची खंजिरी, दोन्हींत दारूवर कोरडे असायचेच. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला आले. मध्य प्रांत-वऱ्हाडानं दारूबंदीचा कायदा केला १९३८ मध्ये. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्राचा मूळ कायदा आहे, अन गंमत अशी की बार चालतो तोही याच कायद्याखाली. कायदा म्हणतो बंदी, परवाना म्हणतो सूट. म्हणूनच पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं आणि पिणाऱ्याकडंही परवाना असावा लागतो. बीअरला २१ वर्षं, कडक दारूला २५.

या कायद्यानं पिण्याची जागा कशी घडवली, ते तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही जुन्या बारमध्ये बघा. दारावर पडदा, आत फळ्यांच्या खोल्या, अंधुक दिवा, भिंतीला पाठ लावून बसलेली माणसं. चकन्याला फल्लीदाणे अन कांदा. बाईमाणूस दिसलंच तर नवऱ्याला शोधत आलेलं.

त्या बायांनीच पुढं इतिहास बदलला. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत मोठ्या लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये ती आली, डॉ. अभय आणि राणी बंग त्यात पुढं होते. चंद्रपुरात बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. याखेरीज 'आडवी बाटली' आहेच: निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दुकान बंद. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना दारूबाबत निर्णयाचा अधिकार दिला, अन त्याच कायद्यानं मोहासारख्या गौण वनोपजावरची मालकीही. दोन्ही अधिकार एकाच हातात. ग्रामसभेत यावरून भांडणं होतात ती उगाच नाही.

या सगळ्यात ब्रूपब अगदीच नवा पाहुणा. महाराष्ट्रात याची सुरुवात २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली'नं केली. विदर्भात ते आधी नागपुरात आलं, मग शहराबाहेर सरकायला लागलं. मध्ये एक धक्का बसला: डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, आणि मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटरवर आणलं. त्या उन्हाळ्यात कितीतरी बारमालक हातात टेप घेऊन फिरत होते. आम्ही बसलो होतो तिथं फाटकापासून हॉलपर्यंतची वाट उगाचच वळणावळणाची होती. मित्र म्हणाला, हे लँडस्केपिंग नाही बे, हे मीटर आहेत.

जागा मात्र खरंच वेगळी. पडदा नाही, उजेड भरपूर, शेजारच्या टेबलावर एक आजी नातवाला पनीर टिक्का भरवत होत्या. बनवणारा माणूस स्वतः टेबलाशी येऊन सांगत होता की बोअरचं पाणी सरळ चालत नाही, आरओ करून मग हवे ते क्षार घालावे लागतात. (पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका.) टाक्यांभोवती थंड द्रवाची नळी फिरते, यीस्टला २० अंशांच्या आसपास ठेवायला, लाइट गेली की जनरेटर. ही बीअर न गाळलेली, म्हणून गढूळ. बाटलीत महिनोन्‌महिने टिकणारी नाही, म्हणून जवळच बसून प्यायची.

खाण्याबाबत माझं मत चांगलं पडलं नाही. मेनूवर 'सावजी चिकन बाइट्स' होतं. सावजी हे नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण. तर्री, रस्सा, सोबत पोळी कुस्करायला. ते काडीला टोचून कोरडं दिलं की उरतो फक्त जाळ. त्यावर फेसाळ बीअर प्यायलात तर जाळ आणखी भडकतो, विझत नाही. वरुड-मोर्शीची संत्री एवढ्या जवळ असताना बेल्जियन पद्धतीची, संत्र्याची साल नि धणे घातलेली बीअर यादीत नव्हती, याचं जास्त वाईट वाटलं.

निघताना मित्रानं विचारलंच, मोहाची बनवत नाही का तुम्ही? बीअर बनवणारा हसला. म्हणाला, विचार आहे, पण कागद कोणते लागतील ते आधी बघावं लागेल. मोहफुलं साठवण्या-वाहण्यावरचे निर्बंध राज्यानं २०२१ मध्ये सैल केले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की मोहफुलं अन काजूच्या बोंडांपासून बनणाऱ्या दारूला यापुढं 'विदेशी मद्या'चा दर्जा.

मित्रानं ते त्याला दोनदा म्हणायला लावलं. मग गाडीत बसल्यावर आईला फोन लावला अन सांगितलं, घरातलं मोहाचं पोतं एवढ्यात विकू नको.