शेगावच्या गळालेल्या नखांमागची दीडशे वर्षांची गोष्ट

डिसेंबर २०२४मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात केसगळतीला सुरुवात झाली. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस मुठीत यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. जानेवारीपर्यंत अठरा गावांतल्या पावणेतीनशेहून जास्त लोकांची नोंद झाली. वाहिन्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ म्हणून टाकलं. मुलींनी कॉलेजला जाणं सोडलं, जुळलेली लग्नं मोडली. मग एप्रिल २०२५मध्ये त्याच भागातून दुसरी तक्रार आली. आता लोकांची नखं ठिसूळ आणि वेडीवाकडी होऊन गळू लागली होती.

केसांची बातमी देशभर गाजली, नखांची दोन-चार दिवसांत मागे पडली. खरं तर या प्रकरणात नखांकडे जास्त लक्ष द्यायला हवं होतं. पाण्यात काही असेल, शाम्पूत असेल, बुरशी असेल, असे जे तर्क सुरुवातीला चालले होते ते डोक्याच्या कातडीपुरते ठीक होते. पण केसांपाठोपाठ चार महिन्यांनी हातांची नखं जातात, तेव्हा कारण अंगावर नसून अंगात, म्हणजे बहुतेक पोटात गेलेलं असतं.

चार महिन्यांचं अंतर का पडलं, हे अंगठ्याकडे पाहिलं की कळतं. नखाच्या बुडाशी फिकट चंद्रकोर दिसते. तो नख घडवणाऱ्या पेशींच्या थराचा उघडा भाग. बाकीचा थर मागच्या कातडीखाली झाकलेला असतो. तिथे तयार झालेलं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकतं आणि टोकाला पोचायला त्याला सहा महिने लागतात. म्हणजे डोळ्यांना दिसणारं नख आधीच्या महिन्यांत घडलेलं असतं. विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनी १९४१पासून स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर बुडाशी बारीक खूण करून ती टोकाला कधी पोचते याची पस्तीस वर्षं नोंद ठेवली. बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. एवढ्या धीराने केलेली दुसरी नोंद मला तरी माहीत नाही.

केस आणि नखं एकत्र बघण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत अस्थिक्षयाची लक्षणं सांगताना केस, अंगावरची लव, नखं, दाढीमिशा आणि दात गळणं एका दमात मोजलेलं आहे. आजच्या शरीरशास्त्राशी ती मांडणी जुळत नाही, पण निरीक्षण अचूक आहे. या गोष्टी एकत्र जातात, आणि जातात तेव्हा रोग खोल असतो. ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या परंपरेत छातीत पू झालेल्या रुग्णांच्या नखांना आलेला बाक नोंदवला गेला. १८४६मध्ये बो या फ्रेंच वैद्याने दाखवलं, की विषमज्वरासारखं मोठं दुखणं येऊन गेलं की नखावर आडवी खाच उमटते आणि ती किती पुढे सरकली यावरून दुखण्याची तारीख काढता येते. विसाव्या शतकात यादी वाढत गेली. रक्तात लोह फार दिवस कमी राहिलं की नख मधोमध खोलगट होतं. १९५४मध्ये टेरी यांनी यकृताच्या सिरॉसिसमध्ये जवळजवळ पूर्ण पांढरं होणारं नख नोंदवलं. १९५६मध्ये म्यूर्की यांनी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घटलं की उमटणाऱ्या पांढऱ्या आडव्या पट्ट्या नोंदवल्या. या पट्ट्यांचं विशेष असं, की अल्ब्युमिन भरून आलं की त्या निघून जातात.

महाराष्ट्रात यातलं लोहाचं प्रकरण सर्वांत मोठं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सगळ्यांचीच नखं खोलगट होतात असं नाही. तो बदल दिसतो तेव्हा कमतरता खूप जुनी झालेली असते.

कॅल्शियमचा समज मात्र सोडून द्यायला हवा. लहानपणी उडत्या बगळ्यांकडे बघत नखावर नख घासून आपण फुलं मागायचो, त्याच पांढऱ्या ठिपक्यांना मोठेपणी घरोघर ‘कॅल्शियम कमी झालंय’ म्हणतात. बहुतेक वेळा ते ठिपके नखाच्या बुडाला बसलेल्या बारीकशा माराचे असतात. नखात कॅल्शियम असतं ते नगण्य. नखाला कडकपणा येतो तो केराटिन या प्रथिनामुळे. केराटिनचे धागे एकमेकांना घट्ट धरून ठेवतात ते गंधकाच्या जोडांनी. केसही याच केराटिनचे.

शेगावची गोष्ट समजून घ्यायची तर हा गंधक लक्षात ठेवावा लागतो. १८१७मध्ये स्वीडनच्या बर्झेलियस यांनी शोधलेलं सेलेनियम हे मूलद्रव्य गंधकाच्या अगदी जवळचं. इतकं जवळचं, की वनस्पती मातीतून गंधक ओढतात त्याच वाटेने सेलेनियमही ओढतात, आणि शरीरातही ते प्रथिनांमध्ये गंधकाच्या जागी जाऊन बसतं. थोडं सेलेनियम आपल्याला लागतंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम पुरतं. अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅमची आहे. ती फार ओलांडली, की गंधकाचे जोड कमकुवत होतात आणि ज्या अवयवांचं सगळं बळच त्या जोडांत आहे ते आधी ढासळतात. माणसाचे केस आणि नखं, जनावरांची आयाळ, शेपटी आणि खूर.

खुरांवरूनच याचा पहिला धागा मिळाला. अमेरिकेत मिसूरी नदीकाठच्या फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस झडत होते, खूर सुटत होते. तिथले लष्करी वैद्य मॅडिसन यांचा अहवाल १८६०मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्याच भागात वस्तीला आलेल्या शेतकऱ्यांच्या गुराढोरांना हा त्रास होऊ लागला तेव्हा त्यांनी खारट पाण्याला दोष दिला आणि रोगाला ‘अल्कली’चा, म्हणजे खाराचा रोग म्हणू लागले. हे नाव पुढे अनेक वर्षं टिकलं. १९३०च्या दशकात साउथ डकोटाच्या कुर्ट फ्रँके यांनी त्या जमिनीत पिकलेलं धान्य उंदरांना घालून दाखवलं, की विष पाण्यात नसून दाण्यात आहे. त्या दाण्यात सेलेनियम सापडलं.

शेगावातही संशय आधी पाण्यावर गेला, आणि तोही साहजिक होता. ही गावं पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतात. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागतं पण ते तोंडात धरवत नाही. मूत्रपिंडाच्या आजाराने इथली गावं आधीच त्रासलेली. पाण्याच्या नमुन्यांत नायट्रेटही जास्त निघालं. पण खारं पाणी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते एका डिसेंबरात अचानक केस उतरवत नाही.

माणसांमधलं सर्वांत स्पष्ट उदाहरण चीनमधलं. हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या वर्षांत गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली. सर्वाधिक बाधित पाच गावांमधल्या २४८ लोकांपैकी निम्म्यांना त्रास झाला होता. यांग ग्वांगची आणि सहकाऱ्यांनी १९८३मध्ये जे वर्णन प्रसिद्ध केलं ते वाचताना बोंडगावचीच आठवण येते. नखांवर आधी पांढरे ठिपके आणि उभ्या रेघा आल्या, मग नख ठिसूळ होऊन मोडलं आणि गळालं. त्या जागी आलेलं नवं नखही खरखरीत आणि कच्चं. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम भरपूर होतं, ते झिरपून मातीत उतरलं होतं. दुष्काळाने भात बुडाला आणि लोक त्या मातीतल्या मक्यावर आणि भाजीपाल्यावर जगू लागले. त्या भागात माणशी रोजचं सेलेनियम सरासरी ५ मिलिग्रॅमच्या घरात निघालं, म्हणजे वरच्या मर्यादेच्या बारापट. त्याच देशात ईशान्येकडच्या केशान परगण्यात उलटा प्रकार होता. तिथल्या मातीत सेलेनियम इतकं कमी, की लहान मुलं आणि बाळंतपणाच्या वयातल्या बायका हृदयविकाराने दगावत.

आपल्या देशात असा पट्टा पंजाबात आहे. शिवालिकच्या टेकड्यांमधून पावसाळी ओढे सेलेनियमयुक्त गाळ आणतात आणि तो होशियारपूर आणि नवांशहर या जिल्ह्यांच्या काही शेतांत पसरतो. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या के. एस. ढिल्लन आणि एस. के. ढिल्लन यांनी अनेक वर्षं या जमिनींवर काम केलं. म्हशींचे खूर सुटणं, शेपटीचे केस जाणं, माणसांची नखं बिघडणं हे सगळं तिथे नोंदलेलं आहे. शेतकरी आपल्याच शेतातलं खातो तिथे हा त्रास चार गावांपुरता राहतो. धान्य सरकारी खरेदीत गेलं, की कुठल्या शेताचं पोतं कुठल्या गावी पोचेल हे सांगता येत नाही.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शेगावच्या प्रकरणात नेमका हाच दुवा जोडला. विंचूदंशावरच्या उपचारासाठी कोकणातला माणूस ज्यांचं नाव कृतज्ञतेने घेतो, तेच महाडचे बावस्कर. विदर्भातल्या गावांत जाऊन त्यांनी रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस तपासले, आणि रेशन दुकानातून आलेला गहूही तपासून घेतला. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की रक्त, लघवी आणि केसांत सेलेनियम अनेक पटींनी वाढलेलं आहे, जस्त मात्र बरंच घटलेलं आहे, आणि सेलेनियम आलं आहे ते पंजाब-हरियाणाकडच्या गव्हातून. त्या गव्हाच्या नमुन्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाल्याचं त्यांनी सांगितलं. स्थानिक गव्हाच्या तुलनेत ते सहाशे पट होतं. गहू धुऊनही फारसा फरक पडला नव्हता. ते समजण्यासारखं आहे, कारण जे दाण्याच्या प्रथिनातच बसलंय ते पाण्याने जाणार नाही. सरकारनेही आयसीएमआरच्या तज्ज्ञांचं पथक पाठवलं आणि त्यांनी नमुने नेले.

बावस्करांचा आकडा धरून हिशेब केला, तर रोज पाव किलो गव्हाच्या पोळ्या खाणाऱ्या माणसाच्या पोटात साडेतीन मिलिग्रॅमहून जास्त सेलेनियम जातं. मर्यादेच्या नऊपट. एन्शीच्या आकड्याच्या जवळपास. राबणाऱ्या माणसाला पाव किलो पीठ काही जास्त नाही.

मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते ताटाचं बदललेलं रूप. वऱ्हाडातलं जेवण ज्वारीचं. भाकरी, पिठलं, आंबील. खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याशिवाय ओलिताचा गहू फारसा होत नाही, पण ज्वारी, हरभरा कोरडवाहू येतात. ज्वारीचा पेरा घटला, शेतं कपाशी आणि सोयाबीनकडे गेली, आणि गरिबाच्या घरात धान्य म्हणजे रेशनचा गहू-तांदूळ असं समीकरण झालं. चार ठिकाणचं धान्य खाणाऱ्याच्या पोटात एखादं दूषित पोतं गेलं, तर ते बाकीच्यात विरून जातं. एकाच पोत्यावर घर चालतं तिथे वाचवायला दुसरं काही नसतं. एन्शीतही भात बुडाल्यावर हेच झालं होतं.

शहरात सेलेनियम गोळ्यांमधून येतं. केस-नखांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पूरक गोळ्यांत बायोटिन या जीवनसत्त्वाबरोबर तेही असतं. २००८मध्ये अमेरिकेत एका द्रव पूरकात चुकून लेबलावर लिहिलेल्याच्या दोनशेपट सेलेनियम पडलं आणि दहा राज्यांतल्या दोनशे जणांना त्रास झाला. नखांसाठी घेतलेल्या औषधाने नखं जाऊ शकतात, हे औषधाच्या दुकानात उभं राहून ‘नखांसाठी काहीतरी द्या’ म्हणणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवं. बायोटिनचा वेगळा त्रास आहे. त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचे निकाल चुकू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७मध्ये तसा इशारा दिलेला आहे.

पंजाबातल्या संशोधनातून एक उपाय निघाला आहे. सेलेनियमवाल्या शेतात जिप्सम टाकलं की पिकाला गंधक भरपूर मिळतं आणि दाण्यात उतरणारं सेलेनियम बरंच घटतं. गोदामाच्या टोकाला मात्र अजून काही नाही. सरकारी खरेदीत गव्हाची ओल बघतात, कचरा बघतात, खराब, आकसलेले, फुटके आणि किडलेले दाणे मोजतात. सेलेनियम त्या यादीत नाही. सगळी पोती तपासा असं कोणी म्हणत नाही, पण ज्या दोन-तीन जिल्ह्यांतली माती इतकी वर्षं माहीत आहे, तिथल्या मंड्यांमधले नमुने तपासणं अवघड नाही.

आणि शेगावच्या गावांत पायाची नखं जमा करायला हवीत. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण वाढायला वर्ष-दीड वर्ष घेतं आणि त्यात तेवढ्या काळातलं सेलेनियम साठून राहतं. अमेरिकेत १९८२-८३ साली साठ हजारांहून जास्त परिचारिकांनी कापलेली नखं पाकिटात घालून संशोधकांना पाठवली होती, आणि त्यावरून पुढे अनेक वर्षं सेलेनियमचा अभ्यास झाला. नखांना शीतपेटी लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. आशाताईंकडे कागदी पाकिटं दिली, त्यावर नाव, गाव आणि तारीख लिहिली, तर कुठल्या घरात किती गेलं आणि आता ते उतरतंय का, हे वर्षभरात समजेल.