छाट कलम (परसबागेतील सुगंधी व औषधी वनस्पतींचे)

मूळ झाडाच्या खोडाचा, फांदीचा किंवा वेलीचा डोळे असलेला तुकडा तोडून त्याला स्वतंत्र मुळे फुटतील अशा रीतीने लावण्याच्या पद्धतीस छाट कलम म्हणतात. बोलीत ‘काडी लावणे’, ‘फाटा लावणे’ असे शब्द आहेत. ऊस व नागवेलीच्या तुकड्यांना ‘बेणे’ म्हणतात. भेट कलम किंवा डोळा भरणे या पद्धतींत दोन झाडांचे भाग एकजीव केले जातात. छाट कलमात जोडणी नसते. मराठवाड्यात पुदिना, पानओवा, अडुळसा, गुळवेल आणि काही प्रमाणात तुळस या वनस्पती अशाच काडीने एका परसातून दुसऱ्या परसात जातात.

व्युत्पत्ती व प्राचीन उल्लेख : मराठीतील ‘कलम’ हा शब्द अरबी-फार्सीतून आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अरबीत ‘कलम’ म्हणजे बोरूची लेखणी. काही अभ्यासक हा शब्द ग्रीक ‘कालामोस’ (बोरू, वेत) याच्याशी जोडतात, तर अरबी कोशपरंपरा त्याचा संबंध छाटणे, नखे काढणे या अर्थाच्या धातूशी लावते. फार्सीत लावणीच्या काडीला ‘कलमे’ म्हणतात आणि ‘कलम कर्दन’ म्हणजे कापणे. संस्कृतातही ‘कलम’ शब्द आहे, पण त्याचा जुना अर्थ भाताची एक जात असा आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात उपटून पुन्हा लावलेल्या कलम भाताची उपमा येते. तेथील पुनर्लावणीच्या उल्लेखावरून झाडांच्या कलमाचा उगम संस्कृतात शोधण्याचा मोह होतो. मात्र भाताचे रोप उपटून लावणे आणि फांदी तोडून लावणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दौलताबाद, औरंगाबाद व बीडच्या परिसरात अनेक शतके फार्सी ही राजभाषा होती, हे लक्षात घेता अरबी-फार्सी व्युत्पत्ती अधिक सयुक्तिक वाटते.

शब्द बाहेरून आला असला तरी कृती येथे पूर्वीपासून होती. कौटिलीय अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या (राजाच्या शेतीवरील अधिकाऱ्याच्या) प्रकरणात ‘कांडबीज’ म्हणजे खोडाच्या तुकड्यांनी लावायच्या पिकांची छाट मध, तूप, डुकराची चरबी व शेण यांनी लिंपावी असे सांगितले आहे. या ग्रंथाचा काळ परंपरेने इ. स. पू. चौथे शतक मानतात. अनेक अभ्यासक त्याचे आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील समजतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (इ. स. सुमारे सहावे शतक) फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष इत्यादी झाडे ‘कांडरोप्य’ म्हटली असून त्यांना शेणाचा लेप द्यावा असे विधान आहे. पुढच्या ओळीत मूळ तोडलेल्या जागी किंवा खोडावर रोपण करण्याची सूचना आहे, म्हणून काही जण संपूर्ण उताऱ्याचा अर्थ भेट कलम असा घेतात. या यादीत केळ आहे आणि केळीवर कलम बांधता येत नाही; ती मुनव्यांपासून वाढते. त्यामुळे यादी एकाच तंत्राची असण्याचा संभव कमी दिसतो. शेणलेपाची अर्थशास्त्रातील छाटलेपाशी असलेली जवळीक पाहता पहिला भाग काडी लावण्याविषयी व दुसरा जोडणीविषयी आहे, हे मत ग्राह्य वाटते.

मुळे फुटण्याची क्रिया : काडीला येणारी मुळे आगंतुक, म्हणजे मुळाऐवजी खोडासारख्या दुसऱ्या भागातून फुटणारी असतात. शेंड्यात व कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खोडातून खाली वाहते आणि छाटीपाशी साठते. तेथील ऊतककराजवळच्या (सालीखालील वाढीच्या थराजवळच्या) पेशी पुन्हा विभागू लागतात व मुळांचे अंकुर निघतात. वाहण्याची दिशा ठरलेली असल्याने उलटी खोवलेली काडी सहसा लागत नाही. म्हणून खालची छाट तिरपी व वरची आडवी घेण्याची जुनी रीत फार उपयोगाची आहे : काडीची दिशा नुसत्या बोटांनी कळते. 1934-35 च्या सुमारास ऑक्सिन व मुळे यांचा संबंध प्रयोगांनी स्पष्ट झाला आणि इंडोल ब्युटिरिक आम्ल हे ऑक्सिन वर्गातील द्रव्य वापरात आले. कृषी सेवा केंद्रांत मिळणारी मुळे फुटण्याची भुकटी बहुधा याचीच असते. पुदिना-पानओव्याला तिची गरज नाही.

पानओवा : घराघरात आढळणाऱ्या या वनस्पतीविषयी गैरसमज बरेच आहेत. मसाल्याचा ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, तर पानओवा तुळशीच्या कुळातला आहे. दोघांचा वास सारखा येतो तो थायमॉल व कार्व्हाक्रॉल यांसारख्या द्रव्यांमुळे. पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञ लोरेरो यांनी 1790 मध्ये अंबोइना (आजचे इंडोनेशियातील अंबोन) बेटावरून त्याला कोलियस अंबोइनिकस हे नाव दिले. पुढे तो प्लेक्ट्रँथस प्रजातीत घातला गेला आणि 2019 च्या वर्गीकरणात पुन्हा कोलियसमध्ये आला. त्याचे मूलस्थान आफ्रिका, अरबस्तान की भारत याविषयी मतभेद आहेत. आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागांपासून भारतापर्यंत तो नैसर्गिकरीत्या पसरला असावा, हे मत आज अधिक मान्य आहे. लागवडीत तो क्वचितच बी धरतो, त्यामुळे परसातील पानओवा जवळजवळ सर्वत्र काडीचाच असतो.

मराठवाड्यातील लावणी : येथील मुख्य अडचण काळ्या मातीची आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज पाण्याने फुगते, मातीतली हवा निघून जाते आणि काडी बुडाशी काळी पडून कुजते. वाळताना माती भेगाळते व नवी मुळे तुटतात. जाड वाळू दोन भाग व चाळलेले जुने शेणखत एक भाग असे मिश्रण, तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंडीत घेतल्यास हा दोष टळतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो, म्हणून साठवलेले पावसाचे पाणी चांगले.

कोवळी काडी 8 ते 10 सेंमी., तीन-चार पेरांची घेतात, खालची पाने काढतात व निदान एक पेर मिश्रणात जाईल अशी खोवतात. पुदिन्याला आठवडाभरात, पानओव्याला आठ-बारा दिवसांत मुळे येतात. तुळशीची काडी मंजिरी येण्यापूर्वी घ्यावी. फुलावर आलेल्या फांदीची शक्ती बियांकडे वळलेली असते. पाण्याच्या पेल्यातही या काड्यांना मुळे फुटतात, पण ती ठिसूळ असतात, दोन-तीन सेंमी. होताच मातीत हलवावीत. अडुळशाची काडी पक्की, 15 ते 20 सेंमी. लांब लागते. गुळवेलीचा तोडलेला तुकडा बरेच दिवस टवटवीत राहतो व टेकूजवळ लावला की धरतो. त्यासाठी कडुनिंब पसंत करतात.

आषाढ ते भाद्रपद हा काळ अनुकूल असतो. चैत्र-वैशाखात तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते व कोरड्या वाऱ्याने मुळे येण्याआधीच पाने सुकतात. त्या दिवसांत रांजणाच्या ओलाव्याजवळची सावली कुंडीला उपयोगी पडते. कढीपत्त्याची काडी कष्टाने लागते, त्याला बी किंवा मुळावरचे फुटवे बरे. गवती चहाचे ठोंब विभागतात. कोथिंबीर व शेपू मात्र बियांपासूनच करतात.