कोरल रीफ रिस्टोरेशनच्या ट्रेनिंगला अर्ज करताय? पात्रता, कागदपत्रं आणि फॉर्म कसा भरायचा

कोरल रीफ रिस्टोरेशन म्हणजे समुद्रातले खराब झालेले प्रवाळ खडक पुन्हा उभे करायचं काम. त्याच्या ट्रेनिंगबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे डायव्हिंग येत नाही तर अर्ज करू का. करा, बिनधास्त करा. ही ट्रेनिंग फक्त पाण्यात उतरणाऱ्यांसाठी नसतात. सागरी संरक्षित क्षेत्र सांभाळणारे अधिकारी, परवानग्या देणारे, मासेमारी खात्यातली माणसं, संशोधक, पीएचडी करणारे, स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते, सगळ्यांना जागा असते. निवड करणारे मुख्य बघतात ते हे, की शिकून परत गेल्यावर तुमच्या हातात खरोखर एखादी रीफ आहे का. म्हणून जमत असेल तर एकाच किनाऱ्यावरच्या शास्त्रज्ञाने आणि मॅनेजरने जोडीने अर्ज करा, कारण एकाकडे माहिती असते पण सही करायचा अधिकार नसतो आणि दुसऱ्याचं नेमकं उलटं असतं.

अर्जाआधी एक काम उरकून घ्या. नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेच्या रीफ रेझिलियन्स नेटवर्कचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत आणि आपल्या वेळेनुसार करता येतात, त्याचं सर्टिफिकेट जोडलं की तुमची पायाभूत तयारी झालीये हे लगेच दिसतं.

आता कागदपत्रं. पासपोर्ट (परत येण्याच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा असू द्या, बरेच देश तेवढा मागतात), दोन पानी सीव्ही, शिक्षणाचा दाखला, आणि नोकरी करत असाल तर ऑफिसचं पत्र. या पत्रात नुसतं 'हरकत नाही' असून भागत नाही, ट्रेनिंगनंतर या माणसाला हे काम करायला वेळ देऊ असं वरिष्ठांनी लिहिलेलं असलं तर अर्जाला खूप वजन येतं. पाण्यातल्या भागासाठी डायव्हिंगचं सर्टिफिकेट, लॉगबुकची (डायव्हच्या नोंदवहीची) अलीकडची पानं, मेडिकल फॉर्म, फर्स्ट एड आणि सीपीआरचं कार्ड, आणि डायव्हिंगचे अपघात कव्हर करणारा इन्शुरन्स लागतो. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बरेचदा वगळलेलं असतं, पॉलिसी नीट वाचा. मेडिकल फॉर्मवर दम्यासारख्या एखाद्या प्रश्नाला 'हो' आलं की डॉक्टरची सही लागतेच, आणि कृपा करून तिथे काही लपवू नका, पाण्याखाली ते जिवावर बेततं.

खरी निवड होते ती अर्जातल्या साइटबद्दलच्या, म्हणजे तुमच्या रीफच्या जागेबद्दलच्या टिपणावर. बहुतेक लोक इथे 'आम्हाला कोरल लावायचेत' एवढंच लिहितात आणि अर्ज मागे पडतो. रीफ कशाने मेली ते आधी लिहा. गाळ येतोय का, सांडपाणी येतंय का, बोटींचे नांगर पडतात का, की उष्णतेने ब्लीच झाली, म्हणजे रंग उडून पांढरी पडली? आणि ते कारण थांबलंय का? कारण तसंच राहिलं तर नर्सरीत वाढवलेले तुकडेसुद्धा तिथे मरणारच. उष्णतेचं सांगायचं तर नोआ या अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेचा कोरल रीफ वॉच हा उपक्रम सॅटेलाइटवरून डिग्री हीटिंग वीक (नेहमीपेक्षा किती जास्त उष्णता किती आठवडे साचली त्याचं माप) मोजतो, 4 च्या पुढे लक्षणीय ब्लीचिंग आणि 8 च्या पुढे जास्त प्रमाणात कोरल मरायची शक्यता धरतात. हे आकडे सगळ्यांना खुले आहेत, तुमच्या जागेचे गेल्या काही वर्षांचे काढून टिपणात टाका. एप्रिल 2024 मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं, त्यामुळे हा प्रश्न इंटरव्ह्यूत येणार असंच धरून चाला.

मॉनिटरिंगचाही प्लॅन द्या. जगभरच्या रिस्टोरेशन प्रोजेक्टचा आढावा 2020 मध्ये आला होता, त्यात सुमारे 60 टक्के प्रोजेक्टनी 18 महिन्यांपेक्षा कमी काळ लक्ष ठेवलेलं निघालं. कोरल वाढायला किती वर्षं लागतात ते बघता हे फारच थोडं आहे, मला तर या क्षेत्रातली सगळ्यात मोठी उणीव हीच वाटते. तुम्ही पाच वर्षं मोजणार असाल तर कोण, कधी आणि कुठल्या पैशातून ते स्पष्ट लिहा.

तारखांकडे लक्ष द्या, कारण अळ्यांपासून, म्हणजे फळलेल्या अंड्यांतून झालेल्या पिल्लांपासून, कोरल वाढवायचं ट्रेनिंग आयोजकांच्या सोयीने ठरत नाही. बऱ्याच जाती वर्षातून एकदाच, पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत अंडी आणि शुक्राणू सोडतात, ती रात्र गेली की थेट पुढचं वर्ष. व्हिसा अडकला म्हणून कोणी तारीख पुढे ढकलणार नाही, निवडीचा मेल आला त्याच आठवड्यात व्हिसाच्या मागे लागा.

सॅम्पल घरी आणायचा विचार असेल तर खडकाळ सांगाड्याचे कोरल साइटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये येतात, म्हणजे निघताना त्या देशाचं एक्सपोर्ट परमिट लागतं, मेलेल्या तुकड्यालाही. आणि परतीचं तिकीट शेवटच्या डायव्हच्या रात्रीचं काढू नका, रोज डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान 18 तास थांबायचं असतं.