शेंड्याचे वर्चस्व

खोडाचा शेंडा शाबूत आणि वाढता असेपर्यंत त्याच्या खालच्या पानांच्या बगलेतले डोळे दबलेले राहतात. शेंडा खुडला, गुराने खाल्ला किंवा वाऱ्याने मोडला की त्यांतले काही डोळे फुटतात आणि त्यांच्या फांद्या होतात. वनस्पतींच्या या वागण्याला शेंड्याचे वर्चस्व किंवा अग्रप्रभाविता म्हणतात. झाडाला किती फांद्या येणार, त्या कुठून निघणार आणि झाड उंच होणार की पसरणार, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. सूर्यफुलाच्या एकदांडी वाणांत हे वर्चस्व कडक असते, तर कोलियसमध्ये इतके सैल की शेंडा जागेवर असतानाही पेरापेराला फांदी निघते.

बगलेतला डोळा म्हणजे आखूड राहिलेला एक पूर्ण कोंबच असतो. त्याच्या टोकाशी स्वतःची विभज्या, म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशींचा पुंजका, असते आणि तिच्याभोवती इवल्या पानांचे उंचवटे तयार असतात. बहुतेक सपुष्प वनस्पतींत प्रत्येक पानाच्या बगलेत असा निदान एक डोळा असतो. दबलेला डोळा मेलेला नसतो. त्याच्या पेशींचे चयापचय चालू असते, फक्त त्याचे लांब होणे थांबलेले असते. त्यामुळे शेंडा गेल्यावर वनस्पतीला नवा अवयव घडवत बसावे लागत नाही, घडलेलाच मोकळा करायचा असतो. वाटाण्याच्या रोपात शेंडा खुडल्यावर काही तासांतच डोळ्याच्या वाढीची सुरुवात मोजता येते.

झाडाच्या एकूण आकाराशी मात्र या वर्चस्वाची सरळ जोडी लावता येत नाही. सुईपर्णी वृक्षांचा निमुळता, मनोऱ्यासारखा आकार पाहून त्यांच्या शेंड्याचे वर्चस्व फार कडक असेल असे वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे असते. त्या झाडांचे बाजूचे डोळे फुटतात, पण फुटलेल्या फांद्यांना मुख्य खोड पुढे जाऊ देत नाही. ओकसारख्या पसरट वृक्षांत चालू वर्षाच्या कोंबावरचे डोळे त्या वर्षी कडेकोट दबलेले राहतात, पुढच्या हंगामात एकदम फुटतात आणि त्यांतल्या कित्येक फांद्या मूळ शेंड्याला मागे टाकतात. डोळा फुटू न देणे आणि फुटलेल्या फांदीला मागे ठेवणे ही दोन वेगळी नियंत्रणे आहेत. बागकामाच्या पुस्तकांत ती सर्रास एकत्र केली जातात, आणि मग छाटणीचे परिणाम कोड्यासारखे वाटू लागतात.

ऑक्सिनाचा शोध

शेंडा खालच्या भागांना काहीतरी ‘कळवतो’ ही कल्पना प्रकाशाकडे वळणाऱ्या कोंबांच्या अभ्यासातून आली. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी कॅनरी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले आणि निष्कर्ष १८८० मध्ये प्रसिद्ध केले. कोंबाच्या टोकावर अपारदर्शक टोपी घातली तर तो प्रकाशाकडे वळेना. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला तर वळे. म्हणजे प्रकाश जाणवतो टोकाला आणि वाकतो खालचा भाग. १९१३ च्या सुमारास डेन्मार्कच्या पीटर बॉयसेन-येन्सेन यांनी दाखवले की तोडलेले टोक आणि बुंधा यांच्यामध्ये जिलेटिनचा थर ठेवला तरी संदेश पोचतो, अभ्रकाचा पत्रा सरकवला तर अडतो. संदेश रासायनिक असावा, हे त्यातून दिसले. हॉलंडच्या फ्रिट्स वेंट यांनी १९२६ ते १९२८ या काळात ओटच्या कोंबांची कापलेली टोके अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यांवर ठेवली. टोकांतला पदार्थ तुकड्यांत झिरपला, आणि ते तुकडे बिनटोकाच्या कोंबावर एका कडेला ठेवताच कोंब वाकला. किती वाकला त्यावरून पदार्थाचे प्रमाण मोजता येऊ लागले. हे ऑक्सिन. त्याचे मुख्य नैसर्गिक रूप इंडोल ॲसेटिक आम्ल असल्याचे १९३०–४० च्या दशकात स्पष्ट झाले.

केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी १९३३–३४ मध्ये हा धागा फांद्यांच्या प्रश्नाला जोडला. व्हिसिया फाबा या शेंगवर्गीय वनस्पतीचा शेंडा त्यांनी कापला आणि कापल्या जागी ऑक्सिन असलेला अगार ठेवला. शेंडा नसूनही बगलेतले डोळे फुटले नाहीत. नुसता अगार ठेवलेल्या रोपांचे फुटले. शेंड्याच्या जागी एक रसायन उभे करता येते, हे या प्रयोगाने दाखवले. इतका साधा, इतका निर्णायक प्रयोग वनस्पतिशास्त्रात क्वचितच सापडतो. आजही प्रयोगशाळांत विद्यार्थी तो करतात.

एका रसायनाने न सुटलेला प्रश्न

शेंड्यातून ऑक्सिन खाली येते, डोळ्यात शिरते आणि त्याला रोखते, असे सरळ उत्तर यातून काढणे सोपे होते. ते टिकले नाही. आर. स्नो यांनी १९३०–४० च्या दशकातच दोन कोंबांच्या रोपांवर प्रयोग करून दाखवले की एका कोंबातून खाली उतरणारे ऑक्सिन दुसऱ्या कोंबाची वाढ रोखू शकते. पण खोडातून ऑक्सिन ठरावीक दिशेने, वरून खालीच, वाहते. ते दुसऱ्या कोंबात वर चढत नाही. पुढे किरणोत्सर्गी खूण केलेले ऑक्सिन वापरून पाहिले, तेव्हाही शेंड्यातले ऑक्सिन डोळ्यात साठत असल्याचे दिसले नाही. म्हणजे ऑक्सिनाचा परिणाम होतो, पण डोळ्यात न शिरता. या अडचणीने पुढची अनेक दशके संशोधकांना कामाला लावले.

तिच्यावर दोन दिशांनी विचार झाला. पहिला विचार वाहतुकीचा. डोळ्याला वाढायचे तर त्याला स्वतःचे ऑक्सिन खोडाच्या मुख्य प्रवाहात सोडता आले पाहिजे, कारण ऑक्सिन जिथून वाहते तिथेच वाहिन्यांचे धागे तयार होतात आणि डोळा खोडाला नीट जोडला जातो. इस्रायलचे त्स्वी साक्स यांनी मांडलेल्या प्रवाहीकरणाच्या कल्पनेनुसार ऑक्सिनाचा ओघ स्वतःची वाट स्वतःच रुंद करत जातो. मुख्य खोड शेंड्यातल्या ऑक्सिनाने भरलेले असेल तर बाजूच्या डोळ्याला त्यात वाट मिळत नाही; शेंडा गेला की ती मिळते. ऑक्सिन पेशीबाहेर सोडणारी पिन नावाची प्रथिने १९९० नंतरच्या दशकात ओळखली गेली. ती पेशीच्या एकाच कडेला गोळा होतात असे दिसल्यावर या कल्पनेला भक्कम आधार मिळाला.

दुसरा विचार असा, की ऑक्सिन दुसऱ्या एखाद्या संदेशवाहकामार्फत काम करत असावे. असे दोन संदेशवाहक सापडले आणि त्यांची कामे एकमेकांविरुद्ध आहेत.

सायटोकायनिन डोळा फोडते. या गटातले कायनेटिन १९५५ मध्ये स्कूग व कार्लोस मिलर यांच्या गटाने वेगळे केले. १९५७ मध्ये त्यांनी दाखवले की तंबाखूच्या ऊतीला ऑक्सिन जास्त आणि सायटोकायनिन कमी दिले तर मुळे फुटतात, प्रमाण उलटे केले तर कोंब. पुढच्याच वर्षी वाटाण्याच्या दबलेल्या डोळ्यांवर कायनेटिन लावून ते मोकळे करता येतात हे दिसले. सायटोकायनिन मुळातूनच वर येते असा समज बराच काळ होता. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी वाटाण्यात दाखवले की शेंडा कापल्यावर ते पेराजवळच्या खोडातही तयार होऊ लागते. एरवी ऑक्सिन त्याच्या निर्मितीची जनुके दाबून ठेवते.

स्ट्रायगोलॅक्टोने डोळा रोखतात, आणि त्यांची कथा या विषयातली सर्वांत विलक्षण म्हणावी लागेल. १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून झिरपणाऱ्या द्रवातून स्ट्रायगॉल हा या गटातला पदार्थ वेगळा केला गेला. ज्वारी, मका अशा पिकांच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या परजीवी तणाचे बी त्याने उगवते. आपल्याच शत्रूला जागे करणारे रसायन वनस्पती का सोडते, याचा उलगडा २००५ मध्ये झाला. मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला ते बोलावते, आणि बुरशी जमिनीतले फॉस्फेट मिळवून देते. टारफुल्याने ते आमंत्रण ऐकायला शिकून घेतले इतकेच. दरम्यान एका अगदी वेगळ्या वाटेने फांद्यांचे संशोधक एका अनोळखी पदार्थाच्या मागावर होते. वाटाणा, पेटुनिया, भात आणि ॲरॅबिडॉप्सिस (प्रयोगशाळांत वापरले जाणारे मोहरीच्या कुळातले छोटे रोप) यांचे अति फांद्या येणारे उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले, वाण त्यांच्याकडे होते. क्रिस्टीन बेव्हरिज यांच्या ऑस्ट्रेलियातील गटाने व इतरांनी त्यांवर कलमांचे प्रयोग केले. उत्परिवर्ती कोंबाला साध्या रोपाचे मूळ जोडले की जादा फांद्या थांबत. म्हणजे फांद्या रोखणारा काही संदेश मुळातून वर जात होता, आणि तो ऑक्सिन किंवा सायटोकायनिन नव्हता. २००८ मध्ये फ्रान्समधील आणि जपानमधील दोन गटांनी एकाच सुमारास दाखवले की तो पदार्थ स्ट्रायगोलॅक्टोनच आहे.

यामुळे एक जुने निरीक्षणही समजले. फॉस्फेट कमी असलेल्या जमिनीत रोपाला फुटवे कमी येतात. तिथे मुळे स्ट्रायगोलॅक्टोन जास्त बनवतात. तेच रसायन जमिनीत बुरशीला बोलावते आणि वरच्या डोळ्यांना थांबवते. तुटपुंज्या अन्नावर नवी फांदी काढू नये, हा हिशेब मुळे आणि कोंब मिळून करतात.

साखरेचा वाटा

एवढे सगळे जुळल्यावरही वेळेचे गणित बसत नव्हते. खोडातून ऑक्सिन तासाला सुमारे १ सेंमी वेगाने उतरते. उंच वाटाण्याचा शेंडा कापल्यावर खालचा डोळा मात्र तिथले ऑक्सिन कमी होण्याच्या आधीच वाढू लागतो. २०१४ मध्ये बेव्हरिज यांच्याच गटाने याचे उत्तर साखरेत शोधले. वाढता शेंडा पानांनी बनवलेली साखर ओढून घेतो. तो गेला की साखर काही तासांतच डोळ्यांकडे वळते, कारण परिकाष्ठातून, म्हणजे अन्न वाहून नेणाऱ्या ऊतीतून, तिचा प्रवास ऑक्सिनाच्या कितीतरी पट वेगाने होतो. शेंडा न कापता नुसती साखर पुरवली तरी डोळे हलले. शेंडा कापून पाने काढून टाकली तर डोळे अडले. यावरून ऑक्सिनाचा सिद्धांत मोडीत निघाला असे काही जण लिहितात, ते मला घाईचे वाटते. साखर डोळ्याला पहिली चालना देते, आणि वाढ पुढे टिकते की नाही हे ऑक्सिन, सायटोकायनिन यांसारखी संप्रेरके ठरवतात, असा अर्थ उपलब्ध प्रयोगांशी अधिक जुळतो.

हे सगळे संदेश डोळ्याच्या आत बऱ्याच वनस्पतींत एका जनुकाशी येऊन मिळतात. ॲरॅबिडॉप्सिसमध्ये त्याला बीआरसी१ म्हणतात. ते सक्रिय असेल तर डोळा थांबतो. स्ट्रायगोलॅक्टोन त्याला चढवते, सायटोकायनिन आणि साखर त्याला उतरवतात. त्याचेच मक्यातले रूप म्हणजे टीबी१. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे हे लांब फांद्यांचे, झुडपासारखे गवत आहे. मेक्सिकोत माणसाने सुमारे ९,००० वर्षांपूर्वी त्याला माणसाळवायला सुरुवात केली, तेव्हा टीबी१ अधिक सक्रिय असलेली रोपे निवडली गेली आणि आजचा एकखोडी मका घडला. जॉन डोबली आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे जनुक पातळीवर दाखवले. त्या शेतकऱ्यांना जनुक ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण दबलेला डोळा त्यांनी नेमका हेरला होता.

प्रकाशही या निर्णयात भाग घेतो. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषतात आणि अवरक्ताच्या सीमेजवळचा गडद तांबडा पुढे जाऊ देतात. शेजारी दाट झाडी असली की या दोहोंचे गुणोत्तर घसरते. रोपाला ते फायटोक्रोम या रंगद्रव्यामुळे कळते आणि ते फांद्या सोडून उंच होऊ लागते. दाट पेरलेल्या पिकाला फुटवे कमी येतात, त्याला हेही एक कारण आहे.

वापर

शेंडा खुडण्याची पद्धत या सर्व संशोधनाहून फार जुनी आहे. मोकळा वाढू दिला तर चहाचा लहानसा वृक्ष होतो; सततच्या खुडणीने त्याचे कमरेइतके झुडूप राहते आणि दर खुडणीनंतर नवे कोवळे कोंब येतात. कुंपणाची झाडे दाट करणे, शेवंतीला अनेक फुले आणणे, फळझाडांना वळण देणे यांमागे हेच तत्त्व आहे. फळझाडाची उभी फांदी वाकवून आडवी बांधली तरी शेंड्याची पकड सैल होते आणि वरच्या बाजूचे डोळे फुटतात. तंबाखूत अडचण उलटी असते. पाने भरावीत म्हणून फुलोरा खुडतात, पण त्यामुळे बगलेतले फुटवे उसळतात आणि तेही पुन्हा काढावे लागतात.

अख्खा ऊस जमिनीत पुरला तर शेंड्याकडचे डोळे आधी फुटून खालच्यांना दाबतात. म्हणून त्याच्या दोन-तीन डोळ्यांच्या टिपऱ्या तोडून लावतात. बटाटा हे जमिनीखालचे खोडच, त्यामुळे त्याच्या टोकाकडचा डोळा असाच इतरांना रोखतो. बेणे कापले, पहिला कोंब मोडला किंवा बेणे जुने झाले की एकाऐवजी अनेक कोंब येतात.

रोगही ही यंत्रणा बिघडवतात. फायटोप्लाझ्मा हे भित्तिकाहीन जीवाणू वनस्पतीत शिरले की पुष्कळदा एकाच जागी फुटव्यांचा झाडूसारखा झुबका येतो. त्यांतल्या काहींची प्रथिने बीआरसी१ च्या कुळातल्या प्रथिनांनाच नष्ट करतात, असे आढळले आहे.

नारळासारखे एकखोडी ताड या सगळ्याला अपवाद आहेत. त्यांच्या पानांच्या बगलेतून फुलोरे येतात, फांद्या सहसा येत नाहीत. शेंड्याची एकमेव विभज्या सोंड्या भुंग्याने खाल्ली किंवा कोंब कुजला, तर तिची जागा घ्यायला दुसरा डोळा नसतो आणि झाड मरते.