वाय-फाय मंद की इंटरनेट मंद? जुन्या लॅपटॉपपुरता खुलासा

‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार कानावर आली की मी प्रथम एकच विचारतो : नेट की वाय-फाय? समोरचा बहुधा वैतागतो, कारण त्याच्या लेखी ते एकच असते. प्रत्यक्षात पुरवठादाराकडून राउटरपर्यंत येते ते इंटरनेट आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचा हवेतला टप्पा म्हणजे वाय-फाय. पहिला टप्पा मंदावला तर घरातली सगळी उपकरणे रखडतात. दुसरा मंदावला तर बहुतेक वेळा एकच रखडते, आणि लॅपटॉप जुना असेल तर ते तोच असतो.

इंटरनेटबद्दल फार लिहीत नाही. आपला प्लॅन किती एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिटचा, आहे हे प्रत्येकाला पाठ असते. तो आकडा बिटमध्ये असतो आणि डाउनलोडची खिडकी बहुधा बाइटमध्ये (आठ बिटांचा एक बाइट) बोलते, म्हणून 100 एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला साधारण 12 मेगाबाइट दिसले तर काहीही बिघडलेले नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

खरा घोळ वाय-फायच्या बाजूला आहे, आणि तो कोपऱ्यातल्या त्या पट्ट्यांमुळे होतो. ‘रेंज फुल आहे, तरी स्पीड नाही’ या वाक्यात लोकांना विसंगती वाटते. मला वाटत नाही. पट्ट्या सांगतात तो सिग्नलचा जोर, म्हणजे राउटरचा आवाज लॅपटॉपपर्यंत किती मोठ्याने पोहोचतो एवढेच. वेग ठरतो तो राउटर आणि लॅपटॉप यांनी आपसांत ठरवलेल्या दरावर. त्याला लिंक स्पीड म्हणतात, आणि दोघांपैकी जो कमकुवत त्याच्या कुवतीपलीकडे हा दर जाऊच शकत नाही. जुन्या, त्यातही स्वस्तातल्या, कित्येक लॅपटॉपमध्ये 802.11एन या 2009 सालच्या वाय-फाय मानकाचे, फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारे आणि एकाच अँटेनाचे वाय-फाय कार्ड असते. नेहमीच्या 20 मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर, म्हणजे लहरींच्या ठरावीक वाटेवर, अशा कार्डाची कमाल लिंक स्पीड 72 एमबीपीएस आहे. लॅपटॉप राउटरला टेकवून ठेवला, सगळ्या पट्ट्या भरल्या, तरी आकडा 72 च राहणार.

तेवढेही हाती पडत नाहीत. एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येते, आणि पाठवलेल्या माहितीची पोच यावी लागते, शेजारच्यांची वाय-फाय जाळी त्याच हवेत असतात. या सगळ्यात जवळजवळ निम्मा वेळ खर्ची पडतो. म्हणून 72 ची लिंक असताना स्पीड टेस्टमध्ये 35 ते 45 दिसणे हा दोष नसून ती त्या कार्डाची मर्यादा आहे. प्लॅन 200 चा असो की 500 चा, या लॅपटॉपला फरक पडत नाही. त्याच टेबलावरचा नवा फोन 5 गिगाहर्ट्झवर सुसाट चालतो, आणि मग लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरल्याचा निष्कर्ष निघतो.

लिंक स्पीड पाहणे अवघड नाही. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ती दिसते; मॅकवर ऑप्शन की दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की टीएक्स रेट या नावाने दिसते. माझ्या स्वतःच्या दोन अँटेनांच्या जुन्या लॅपटॉपवर हा आकडा कितीतरी दिवस 54 वर अडकला होता. मी कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, बदलून पाहिले, राउटरची जागा बदलली, चॅनल 1, 6 आणि 11 असे फिरवले. शेवटी कारण निघाले ते राउटरच्या सुरक्षेच्या पानावर : तिथे कधीकाळी कोणीतरी टीकेआयपी ही सांकेतीकरणाची जुनी पद्धत निवडून ठेवली होती, आणि टीकेआयपी किंवा त्याहून जुनी डब्ल्यूईपी असेल तर 802.11एनचे वरचे दर मिळत नाहीत, जोडणी 54 वर येऊन थांबते. त्याजागी डब्ल्यूपीए2 आणि एईएस या नंतरच्या पद्धती निवडल्याबरोबर तोच लॅपटॉप त्याच खुर्चीवर 144 दाखवू लागला. पट्ट्या आधीही भरलेल्या होत्या आणि नंतरही.

दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ठरवायला केबलसारखा साक्षीदार नाही. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून स्पीड टेस्ट करावी. वेग एकदम वाढला तर इंटरनेट निर्दोष आहे. मात्र जुन्या लॅपटॉपचा केबलचा पोर्टही कित्येकदा 100 एमबीपीएसचाच असतो, तेव्हा टेस्ट 94 च्या आसपास अडली तर पुरवठादाराशी भांडू नये. टेस्ट चालू असताना टास्क मॅनेजरकडेही एकदा पाहावे, कारण प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला असेल तर तिथे वेग नेटचा नव्हे, ब्राउझरच्या दमाचा मोजला जातो. केबल लावणे शक्यच नसेल तर राउटरच्या पत्त्यावर पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहावे. उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत येत असेल तर हवेतला टप्पा निदान अडखळत नाही, आणि ते मध्येच दोनशे-तीनशेवर उडत असेल तर दोष घरातच आहे.

उपायांबाबत माझी मते ठाम आहेत. वाय-फाय बूस्टर म्हणवणारी सॉफ्टवेअर निरुपयोगी आहेत, कारण कार्डात नसलेली अँटेना त्यांना उगवता येत नाही. राउटरचा सिग्नल पुढे पाठवणारा एकाच रेडिओचा रिपीटर तर मी कोणालाही सुचवत नाही, कारण तो तेच बोलणे त्याच चॅनलवर दोनदा बोलतो आणि मिळणारा वेग साधारण निम्म्यावर आणतो. पट्ट्या तेवढ्या वाढतात, आणि लोक त्यावरच खूश होतात. आतले कार्ड बदलणे हा चांगला मार्ग आहे, पण काही कंपन्यांचे लॅपटॉप बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) यादीत नसलेले कार्ड स्वीकारतच नाहीत, तेव्हा आधी चौकशी करावी. माझी पसंती यूएसबीला लावायच्या, 5 गिगाहर्ट्झवरही चालणाऱ्या साध्या अडॅप्टरला आहे. जुन्या यूएसबी 2.0 पोर्टवरही तो आतल्या 72 च्या कार्डाच्या कितीतरी पुढे जातो, फक्त राउटर आणि लॅपटॉप यांच्यात दोन-तीन भिंती नसाव्यात, कारण 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपुढे लवकर दमतात.

हे सगळे पाहून झाल्यावरही केबलवर वेग प्लॅनच्या आणि पोर्टच्याही खूप खाली राहिला, तर खुशाल पुरवठादाराला फोन करावा. ‘वाय-फाय चालत नाही’ असे मात्र त्याला सांगू नये; केबलवर किती एमबीपीएस मिळाले तो आकडा सांगावा.