मीटर बंद पडलं म्हणून लगेच अख्खं पॅनल बदलू नका

गाडीचं मीटर बंद पडलं की बरेच गॅरेजवाले बघताबघताच सांगतात, पॅनल (म्हणजे सगळे काटे आणि लाइट असलेला स्टिअरिंगमागचा अख्खा संच) गेलंय, नवीन टाकावं लागेल, आणि आकडा ऐकून माणूस गप्पच होतो. पण बऱ्याचदा गेलेली असते एखादी चिमुकली वस्तू, आणि ती शोधणं वाटतं तितकं अवघड नाहीये.

आधी काय काय बंद आहे ते बघा. सगळेच काटे आणि लाइट एकदम गेले असतील तर फ्यूज, अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) आणि मागचा कपलर (वायरी पॅनलला जोडणारा प्लग), पॅनल खोलायच्या आधी हे तीन तपासा. फक्त पेट्रोलचा काटा गंडला असेल तर टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) बघा, त्याची दांडी रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत वरखाली होते आणि वर्षानुवर्षं घासून पट्टी झिजते, म्हणजे पॅनलचा यात काही संबंधच नाही. स्पीडचा काटा मेला असेल तर ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर लावा (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र, काही शे रुपयांत मिळतो, 2013 नंतरच्या बहुतेक गाड्यांना चालतो) आणि शेजारी बसलेल्याला मोबाइल बघायला सांगा. मोबाइलवर 40 आणि काटा शून्यावर असेल तर घोळ पॅनलमध्ये किंवा तिथं येणाऱ्या वायरमध्ये, आणि मोबाइलवर पण शून्य असेल तर आधी स्पीड सेन्सर तपासायचा.

आता पॅनलच्या आत काय असतं ते सांगतो, मला हा भाग फार आवडतो. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून केबल यायची, आता प्रत्येक काट्यामागे एक छोटी स्टेपर मोटर असते, म्हणजे एकेक पाऊल टाकत फिरणारी मोटर. एक्स 27.168 ही त्यातली खूप चालणारी मोटर, चार पिना, दोन कॉइल, आतला चुंबकाचा रोटर 180 पट गिअर कमी करून काटा फिरवतो, एका स्टेपला काटा फक्त 1/3 अंश सरकतो आणि एकूण 315 अंश फिरतो. पण काटा आत्ता कुठे आहे हे सांगणारा सेन्सर तिच्यात नसतो, म्हणून चावी फिरवली की पॅनल काट्याला मागे नेऊन आतल्या स्टॉपरवर टेकवतं आणि तिथून पावलं मोजायला लागतं. मोटर खराब झाली की पावलं चुकतात आणि गाडी उभी असताना काटा 30 वर बसतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या 2003 ते 2006 च्या सिल्वराडो, टाहो गाड्यांत हे इतकं झालं की लोक घरीच मोटरी बदलायला शिकले. काटा मात्र स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, आधी तो कुठे होता त्याचा फोटो काढा आणि दोन चमचे दोन्ही बाजूंनी घालून सरळ वर उचला.

दुसरं कारण म्हणजे ड्राय सोल्डर, म्हणजे पिना बोर्डाला जोडणारा धातूचा टाका सुटणं. उन्हात तासभर उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या आसपास तापतो, रात्री गार होतो, आणि सोल्डर, तांबं, बोर्ड हे सगळे वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात त्यामुळे कपलरच्या पिनांभोवती बारीक गोल चीर पडते. डॅशबोर्डवर थाप मारली की मीटर जागं होत असेल तर पहिला संशय हाच, भिंगातून बघा, पिनेभोवती काळं कडं दिसतं. फ्लक्स (सोल्डर नीट वितळून चिकटावं म्हणून लावायची पेस्ट) लावून जुनं सोल्डर काढा आणि नवीन लावा, चांगला मोबाइल रिपेअरवाला पण हे करू शकतो. पॅनल काढताना बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबाच, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे.

पॅनल खरंच जळालं असेल तर भंगारातलं घ्या पण पार्ट नंबर तोच हवा. बऱ्याच गाड्यांत किलोमीटर पॅनलमधल्या आठ पायांच्या मेमरी चिपमध्ये असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीत येतो. तुमचा खराच आकडा जाणकाराकडून चढवून घ्या, बिल आणि जुन्या मीटरचा फोटो ठेवा, आणि गाडी विकताना घेणाऱ्याला सांगा, आकडा कमी करून घेणं ही सरळ फसवणूक आहे. पोलो, व्हेंटोसारख्या फोक्सवॅगनच्या गाड्यांत तर इमोबिलायझरची (खरी चावी नसेल तर इंजिन बंद ठेवणाऱ्या यंत्रणेची) माहिती पण पॅनलमध्ये असते, कोडिंग न करता (म्हणजे पॅनलची गाडीशी ओळख न करून देता) दुसरं पॅनल लावलं तर गाडी चालूच राहत नाही.

सगळं बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर जीपीएसशी स्पीड ताडून बघा. काटा थोडा जास्त दाखवत असेल तर ठीक, कंपन्या तो मुद्दाम तसाच ठेवतात, पण कमी दाखवत असेल तर काटा चुकीच्या कोनात बसलाय, काढून परत बसवा.