मेंदूतील धमन्यांचे स्टेंटिंग

कवटीच्या आत चिंचोळ्या झालेल्या धमनीत धातूची बारीक जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवून तिचा मार्ग खुला ठेवण्याची उपचारपद्धती. मानेतील कॅरोटिड धमनीत स्टेंट बसवणे हा वेगळा उपचार आहे. दोहोंची गल्लत वारंवार होते; परंतु धोके आणि निकष निराळे असल्याने हा फरक ध्यानात ठेवायलाच हवा.

धमनीच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल साचून थर चढतो आणि पोकळी आवळत जाते. उच्च रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान यांनी ही क्रिया वेग घेते. मेंदूच्या बाजूंना रक्त पुरवणारी मिडल सेरेब्रल धमनी, मागच्या भागाची बॅसिलर धमनी, तसेच कॅरोटिड व (मानेच्या मणक्यांतून वर जाणाऱ्या) व्हर्टिब्रल धमन्यांचा कवटीतील भाग या तिच्या नेहमीच्या जागा. तिथून होणाऱ्या पक्षाघाताचे प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आशियाई लोकांत जास्त आढळते. असा पक्षाघात तीन प्रकारे होतो: कधी पलीकडे रक्त पुरेसे पोहोचत नाही, कधी थरावर जमलेली गुठळी सुटून पुढे अडकते, तर कधी थर वाढता वाढता शेजारच्या बारीक फांदीचे तोंडच बुजवतो.

जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून कॅथेटर, म्हणजे लांब लवचीक नळी, वर नेतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत केसासारखी तार अरुंद जागेपलीकडे सरकवतात, छोटा फुगा सावकाश फुगवून वाट रुंद करतात आणि मग स्टेंट सोडतात. काही स्टेंट फुग्यावर बसवलेले असतात. निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूचे स्टेंट आवरणातून बाहेर येताच आपोआप उलगडतात.

हृदयात रुळलेले हे तंत्र मेंदूत इतके जोखमीचे का ठरते, याचे उत्तर धमन्यांच्या रचनेत आहे. त्या जेमतेम दोन ते चार मिलिमीटर रुंद, वळणावळणाच्या असतात. त्यांची भिंत पातळ असून तिला बाहेरचा लवचीक पडदा जवळजवळ नसतो. भोवती स्नायूंचा आधार नाही, नुसते मेंदूजल. त्यामुळे भिंत फाटली तर रक्तस्राव थेट मेंदूभोवती होतो. त्याहून मोठी अडचण पर्फोरेटर नावाच्या सूक्ष्म फांद्यांची. बॅसिलरपासून निघणाऱ्या अशा फांद्या मेंदूस्तंभ, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग, जगवतात. स्टेंट उलगडताना थर बाजूला दाबला जातो आणि त्यांच्या तोंडात ढकलला जाऊ शकतो. मुख्य धमनी चित्रात सुरेख उघडलेली दिसते, पण रुग्णाचा हात किंवा पाय लुळा पडलेला असतो.

विंगस्पॅन या स्टेंटला अमेरिकेत 2005 मध्ये मर्यादित परवानगी मिळाली आणि तो आशेने वापरला जाऊ लागला. पुढे सॅम्प्रिस या चाचणीने चित्र पालटले. 70 ते 99 टक्के अरुंद धमनी आणि नुकताच पक्षाघात किंवा त्याचा क्षणिक झटका येऊन गेलेले 451 रुग्ण तिच्यात होते. तीस दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात 14.7 टक्क्यांना, तर केवळ औषधांच्या गटात 5.8 टक्क्यांना आला. 2011 मध्ये रुग्णभरती थांबवावी लागली. औषधांचा उपचारही कसून होता: अ‍ॅस्पिरिन, पहिले 90 दिवस सोबत गुठळी रोखणारे क्लोपिडोग्रेल, वरचा रक्तदाब 140 च्या आत, एलडीएल (घातक कोलेस्टेरॉल) 70 च्या खाली, शिवाय व्यायाम आणि तंबाखूबंदी. या शिस्तीचे यश हाच त्या चाचणीचा खरा शोध म्हणावा लागेल. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिसिट चाचणीतही फुग्यावरच्या स्टेंटने रुग्णांचे नुकसानच झाले.

2012 मध्ये अमेरिकी नियामकाने विंगस्पॅनचे निकष कडक केले: औषधे नेटाने चालू असूनही दोन किंवा अधिक पक्षाघात झालेले, शेवटच्या पक्षाघाताला सात दिवसांहून अधिक काळ लोटलेले रुग्णच पात्र ठरतात. असे रुग्ण निवडून अनुभवी हातांनी केलेल्या 2019 मधील वीव्ह अभ्यासात, 152 जणांत, 72 तासांतील पक्षाघात वा मृत्यूचे प्रमाण 2.6 टक्के राहिले. त्यात तुलनेसाठी औषधांचा गट नव्हता, हे विसरता कामा नये. चीनमधील कॅसिस चाचणीत (2022) रुग्ण काळजीपूर्वक निवडूनही स्टेंट औषधांहून सरस ठरला नाही.

स्टेंटनंतरही रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने घ्याव्याच लागतात. अन्यथा जाळीवर गुठळी धरते. धमनी पुन्हा आवळण्याची शक्यता असल्याने तपासणी चालू ठेवावी लागते. अलीकडे लक्ष पुन्हा नुसत्या फुग्याकडे वळले आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेसिस चाचणीत धमनीच्या रुंदीपेक्षा लहान फुगा हळूहळू फुगवला आणि स्टेंट शक्यतो टाळला. तिथे वर्षभराचे निष्कर्ष केवळ औषधांपेक्षा चांगले आले.